वजीफ्याआधीची पेरणी

केसरहट्टीच्या सिद्धलिंग मास्तरांनी आपल्या म्हातारपणाचं वेळापत्रक तयार केलं आणि खळ लावून ते भिंतीला डकवलं, थेट देव्हाऱ्याच्या शेजारी. शाळेत असतं तसंच हुबेहूब. पट्टीनं ओढलेल्या रेघा, वर लाल शाईतला मथळा. पहिला तास पूजा, दुसरा तास बैलांना वैरण, तिसरा तास रानात फेरी. दुपारी मधली सुट्टीसुद्धा! खालच्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोचं, इरम्माचंही नाव होतं.

इरम्माला वाचता येत नव्हतं. तिनं पदराला हात पुसत विचारलं, "माझ्या नावाफुडं काय लिवलंय?"

"न्याहारी पोचवणे."

"आन् बैल कुठं हायेत?"

"बैल आजूर महिन्यातल्या पहिल्या बाजाराला. मुरुमहून आणू."

"म्हंजे बैल न्हायेत, पर त्येंच्या वैरणीचा तास ठरला!"

मास्तर हसले नाहीत. वेळापत्रकाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकट्यानं गावची सरकारी शाळा चालवली होती. चार वर्ग, एक ओटा, एक घंटा. हैदराबाद सरकारचं तेराशे चौपन्न फसली साल सरत आलं होतं. त्यातला शेवटचा महिना आबान, मग आजूरपासून नवं साल. त्याच्या अखेरीला मास्तरांची पंचावन्न भरत होती, म्हणजे नोकरी पुरी. मग वजीफा. घरबसल्या अर्धा पगार, मरेपर्यंत. पण कागद हैदराबादला जायचे, तिथून यायचे. कुणाला सहा महिने लागत, कुणाला वर्ष. तोवर खायचं काय, याचं उत्तर मास्तरांनी दोन सालं आधीच काढून ठेवलं होतं. गावाच्या उत्तरेला त्यांचं सात एकर काळं रान होतं, ज्वारीचं.

ते रान बारा सालं आण्णासाहेबांकडं लावणीनं होतं, म्हणजे ठरलेल्या खंडावर, भाड्यावर, कसायला. आण्णासाहेब म्हणजे गावातलं मोठं खटलं, चार बैलजोड्या, दारात शिसवी झोपाळा. पाडव्याला मास्तरांनी रान परत मागितलं तेव्हा आण्णासाहेब चावडीवर सगळ्यांदेखत हसले.

"मास्तर, तुमचा हात खडूचा. रान काय फळा हाय व्हय? बरं, घ्या. एक साल करून बघा. दसऱ्याला रानात ज्वारीच्या ओळी दिसल्या तर रान तुमचं तुमाला लखलाभ. न्हाय दिसल्या तर फुडली पाच सालं आमच्याकडं, आन् खंड आमी म्हनू तो."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. आबान संपतो, आजूर लागतो, बैल येतात, पेरणी होते, पाच दिवसांत उगवण, मग दसरा. बसतंय. "कबूल," ते म्हणाले.

कागदावर सगळं बसतच होतं. फक्त आभाळाला कुणी विचारलं नव्हतं.

आबान सरायला दहा दिवस उरले होते तेव्हा उत्तरा नक्षत्राचा पाऊस झाला. दोन दिवस, दोन राती, धो धो. तिसऱ्या दिवशी आभाळ असं निवळलं, की घासून ठेवलेलं पितळच. आणि वारा सुटला. कोरडा, पश्चिमेचा, दारावरचं फाटकं गोणपाट फडफडवणारा वारा. चवथ्या दिवशी सकाळी इरम्मा रानात गेली. चप्पल बांधावर काढली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, मूठभर उचलून दाबली, मग मूठ उघडली. ढेकूळ तळहातावर बसून राहिलं. बोट लावलं तसं फुटलं. हाताला चिखल लागला नाही.

वाफसा. पेरायला लागतो तसा, ना ओला ना वाळला.

ती चालत परत आली नाही. पळत आली. शेहेचाळीस वर्षांची, सरकारी मास्तरांची बायको गावाच्या मधल्या वाटेनं पळत आली, आणि वाटेवरच्या म्हशी बाजूला झाल्या.

मास्तर शाळेत निघायच्या तयारीत टोपी झटकत होते.

"अवो, रान वाफशावर आलंय. आजच पेर सुरू कराय पायजे. लई झालं तर चार दिस. असा वारा ऱ्हायला तर आजूरच्या पैल्या तारखंपत्तूर वरची वीतभर माती भाजल्यागत हुईल. दाना टाकला तरी उगवायचा न्हाय."

मास्तर खाटेवर बसले. टोपी हातातच. "आबान सरायला अजून सहा दिवस आहेत."

"रानाला आबान ठावं न्हाय."

"इरम्मा, मी शाळा सोडू शकत नाही. एकटा मास्तर मी. तपासनीस साहेब या आठवड्यात कधीही येतील. शेवटचा शेरा त्यांचा, तो लागल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. शेजारच्या गावच्या मास्तरांचं माहीत आहे ना? साहेब आले त्या दिवशी ते मळ्यात होते. तीन सालं झाली, अजून वजीफ्याचा पत्ता नाही."

"मग गडी लावा."

"वाफशाच्या दिवसांत गडी?" मास्तर कसनुसं हसले. त्यांनाही तेवढं कळत होतं. आज प्रत्येकाला आपापलं रान पेरायचं होतं. आज या गावात हात विकत मिळणार नव्हता.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. मग घंटेची वेळ झाली म्हणून गेले. जाताना त्यांची पाठ अशी दिसली, की आण्णासाहेबांचा झोपाळा त्यांना आतापासूनच ऐकू येत असावा.

इरम्मानं चुलीवरचं दूध उतरवलं आणि बंडप्पाच्या घरी गेली.

बंडप्पाचं रान मास्तरांच्या रानाला लागून. सहा एकर, एक बैलजोडी, एक तिफण. दारात बैल जुंपून तयार होते आणि बंडप्पा मात्र उंबऱ्यात कपाळाला हात लावून बसला होता. आत त्याची बायको शिवम्मा हळद बांधलेला उजवा हात छातीशी धरून होती. मनगट भोपळ्यागत सुजलेलं.

"काय झालं गं?"

"हिरीच्या पायरीवरनं घसरले, अक्का. काल. घागर वाचली, हात गेला."

"आन् ह्यो बसलाय बघा नवरीगत," ती पुढं म्हणाली. "म्हनतोय, मूठ कोन धरील."

पेरणीला दोन माणसं लागतात. एकानं बैल हाकायचे. दुसऱ्यानं तिफणीमागं चालत वरच्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाटीत, मुठीतनं दाणे सोडायचे. ते तीन नळ्यांतनं खाली मातीत पडतात. सोडायचे ते एकसारखे. मूठ घट्ट झाली की ओळ रिकामी, ढिली झाली की ढीग. बंडप्पाच्या घरी ती मूठ अठरा सालं शिवम्माची होती.

"म्या धरते," इरम्मा म्हणाली.

बंडप्पानं मान वर केली. तो मास्तरांच्या शाळेत चार सालं होता, त्यातली दोन ओट्याच्या खांबाजवळ अंगठे धरून. "तुमी? मास्तरीणबाई?"

"माह्यरी पेरायचे म्या. लगीन व्हायच्या आदी पाच सालं."

"त्याला किती सालं झाली?"

"अठ्ठावीस."

शिवम्मा खुदकन हसली आणि मग मनगट दुखलं म्हणून कण्हली. बंडप्पा हसला नाही. तो हिशेब करत होता. पाढे येत नव्हते, पण हा हिशेब त्याला येत होता.

"सावड करायची," इरम्मा म्हणाली. "दोन दिस म्या तुझ्या रानात, दोन दिस तू तुझे बैल घिऊन आमच्या रानात. आदी तुझं."

"मास्तर काय म्हनतील?"

"मास्तर शाळेत हायेत."

"लोक काय म्हनतील?"

"लोक पेरनीत हायेत."

बंडप्पानं बैल सोडले, पुन्हा जुंपले, उगीचच. "आज दुपारच्याला सुरू करू. पर अक्का, आदी हात बसवा. माझं बी घरचं हाय, निवडून ठिवलेलं. वाया गेलं तर दुसरं न्हाय."

घरी येऊन इरम्मानं अंगणात धोतर अंथरलं, ज्वारी ओटीत घेतली आणि धोतराच्या कडेनं चालत मूठ सोडायला लागली. पहिल्या फेरीला दाणे ढिगानं पडले. दुसऱ्या फेरीला वीतभर काहीच नाही, मग एकदम ओंजळभर. अंगठा ऐकेना. अठ्ठावीस सालं भाकरी थापणारा, मास्तरांच्या सदऱ्याला काजं करणारा अंगठा. त्याला काय कळणार?

समोरच शाळेचा ओटा होता. पोरं पाढे म्हणत होती. इरम्माला अक्षर येत नव्हतं पण पाढे सगळे येत होते, तिसापर्यंत, वर पावकी निमकीसुद्धा. ओट्यासमोर अठ्ठावीस वर्षं चूल पेटवली की येतातच. तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही आहे, असंच तिला वाटलं नव्हतं.

ओट्यावरनं मास्तरांनी तिला पाहिलं. मधली सुट्टी होताच अंगणात आले. धोतर पाहिलं, दाणे पाहिले, सगळं समजले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू दुसऱ्याच्या रानात मूठ धरणार?"

"सावड हाय. नंतर तो आपल्यात येनार."

"साहेब याच आठवड्यात येणार. त्यांनी रस्त्यानं येताना पाहिलं की मास्तरांची बायको चिखलात..."

"साहेब शाळा तपासाया येतोय का मला?"

मास्तर धोतराकडं बघत राहिले. त्यांचंच धोतर होतं, इस्त्रीचं.

"तुमी साहेबाला सांभाळा, म्या वाफसा सांभाळते. दोनी एकाच आठवड्यात आलेत, त्याला तुमी काय करनार आन् म्या काय करनार?" मग ती जरा मऊ झाली. "भाकरी टोपल्यात हाय. आज वाढून घ्या."

दुपारी उन्हं तापली असताना इरम्मा बंडप्पाच्या रानात उतरली. इरकली लुगड्याचा ओचा वर खोचला होता. अठ्ठावीस वर्षांत गावानं तिच्या पोटऱ्या पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या. शेजारच्या रानात पेरणारी सिताबाई तिफण थांबवून मोठ्यानं ओरडली, "अगं बाई, मास्तरीण! सरकारनं पगार बंद केला का काय?"

"चालू हाय," इरम्मा तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "हात बंद पडले व्हते, ते सुरू करतीया."

बोलायला बोलली. पण पहिल्या तासाला, म्हणजे तिफणीच्या पहिल्याच फेरीला, तिची अब्रू गेली. बैल निघाले ते तिला वाटलं त्याच्या दुप्पट वेगानं. काळी माती तळपायांना चिकटली, पाय शेरभर जड, मग दोन शेर. तिफण डाव्या अंगाला जाई, ती उजव्या अंगाला. घामानं मुठीत दाणे एकमेकांना चिकटले. रानाच्या शेवटाला बंडप्पानं बैल थांबवले, खाली बसून बोटानं माती बाजूला केली. हातभर ओळीत तीन दाणे. पुढं एका जागी वीस, ढिगानं. मधल्या ओळीत तर काहीच नव्हतं.

"नळा तुंबलाय," तो म्हणाला. "चिखूल बसलाय. कवापासून?"

"कळलं न्हाय."

"शिवम्माला आवाजावरनं कळतंय."

तो रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं. त्यानं काडी घालून नळा मोकळा केला आणि बैल वळवले. दुसरा तास तसाच गेला, तिसरा जरा बरा, चवथा पुन्हा वाईट. सिताबाईच्या रानातनं हसण्याचा आवाज आला. कदाचित ती दुसऱ्याच कशाला हसत असेल. इरम्माला मात्र तो आपलाच वाटला. पाठीच्या मणक्यात सुई टोचल्यागत होत होतं. तिनं तळहात लुगड्याला पुसला, कोरडी माती बोटांना चोळली आणि विचार केला, अगं, हात काय चुकतोय? हात चुकत नाही. त्याला चाल नाही. बैलांना चाल आहे, हाताला नाही.

पाचव्या तासाला ती बैलांच्या पायाकडं बघत पुटपुटायला लागली. बे एक बे. नाही, फार घाईचा. सात एके सात. धड नाही. एकोणतीसचा लावला तर जीभच बैलांच्या मागं राहिली. मग तेराचा लागला.

तेरा एके तेरा. तेर दुणे सव्वीस. तेर त्रिक एकोणचाळीस.

प्रत्येक शब्दाला बैलाचा एक पाय आणि अंगठ्याची एक सरक. तेर चोक बावन्न. मूठ आपोआप सैल होत गेली, दाणे नळ्यांतनं सळसळत गेले, तिन्ही नळ्यांतनं, आणि ती सळसळ आता तिला ऐकू यायला लागली. एक नळा मुका झाला की लगेच कळे. तेर पाचे पासष्ट! तिला इतका आनंद झाला, की आवाज चढला.

बंडप्पानं मागं वळून पाहिलं. "अक्का, हे काय? लई मार खाल्लाय म्या ह्या तेरावर."

"मग आता पाठ कर. अजून लई तास हायेत."

"बैल पळवू का? म्हंजे लवकर सुटेन."

"बैल पळव, म्या बाराचा धरते. सुटका न्हाय तुझी."

तासाच्या शेवटी त्यानं माती उकरली. बोटाबोटाच्या अंतरावर दाणे, ओलीत नीट बसलेले. त्यानं माती परत सारखी केली, हात झटकले आणि म्हणाला, "व्हय." बंडप्पाच्या तोंडून एवढंच. पण त्या दिवसापासून तो तिच्या मुठीखालची माती उकरून बघायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड आला, दुपारी फुटला. तिनं त्यावर फडकं बांधलं. फडक्यामुळं दाणे अडकायला लागले, तेव्हा सोडून टाकलं. तळपायाला चिरा पडल्या. संध्याकाळी आडावर गेली तर बायका तिच्या पायांकडं बघायला लागल्या. मग एकीनं विचारलं, "काय वो, मास्तरांनी मजुरीला धाडलं का तुमाला?" इरम्मानं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "धाडलं न्हाय. आडवलं बी न्हाय. तुमच्यात आडवतात का?" त्यावर बायका हसल्या, आणि त्यातली एक घागर उचलायला पुढं झाली. ती सिताबाई होती.

घरी मास्तरांनी चूल पेटवून ठेवली होती. धूर सगळ्या घरभर, पण चूल पेटलेली होती. त्यांनी तिचा अंगठा पाहिला आणि तेल कोमट करून आणलं.

तिसऱ्या दिवशी बंडप्पाचे बैल मास्तरांच्या रानात आले. इरम्मानं तिफणीला हळदीकुंकू लावलं, पहिली मूठ हातात धरली आणि क्षणभर थांबली. बारा सालं या मातीत दुसऱ्यांची तिफण चालली होती. तिला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. तिला फक्त भूक लागली होती आणि वारा वाढला होता. "हाक रे," ती म्हणाली.

वरची माती आता पांढुरकी दिसायला लागली होती, पण फण खाली जाई तिथं ओल होती. आज अजून होती. बंडप्पानं न्याहारीसुद्धा बैलांच्या मागं चालत खाल्ली. दुपारी सडकेवरनं एक टांगा गेला. आत शेरवानीतले, चष्मेवाले गृहस्थ. टांगा बांधाजवळ हळू झाला. इरम्मा तेव्हा तेराच्या पाढ्यात अशी रंगली होती, की तिनं मान वर केली नाही. टांगा गावाकडं गेला तेव्हा बंडप्पा म्हणाला, "अक्का, साहेब."

मूठ एकदाच चुकली. हातभर ओळ रिकामी गेली असेल. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, तेरा एके तेरा.

दिवस मावळताना ती घरी आली. तोंड धुतलं नाही, ओचा सोडला नाही. मास्तर ओट्यावर बसले होते, समोर शेऱ्याची वही.

"काय झालं?"

"साहेब आले. मुलं तपासली. हजेरी बघितली. मी फळ्यापाशीच होतो." मास्तर थांबले. त्यांना गोष्ट सांगायची सवय होती, त्यामुळं कुठं थांबायचं ते कळत होतं. "मग म्हणाले, 'मास्तर, येताना मी रानात एक बाई पाहिली. पेरत होती आणि तोंडानं तेराचा पाढा म्हणत होती. बिनचूक! शाळेत न गेलेल्या बायासुद्धा या गावात पाढे म्हणतात, म्हणजे शाळेतली तालीम कशी असेल!'"

इरम्मा खांबाला टेकली. "मग? तुमी गप बसलात?"

"गप्प बसता आलं असतं," मास्तर म्हणाले. "माझ्या हातात खडू होता. तो मोडला. मग म्हणालो, साहेब, ती माझी मंडळी आहे."

"आन् त्ये?"

"साहेबांनी शेऱ्याची वही ओढली. बराच वेळ लिहीत राहिले." त्यांनी वही पुढं केली, मग तिला वाचता येत नाही हे आठवून परत घेतली आणि स्वतःच वाचून दाखवली. उर्दूतनं आधी, मग मराठीत. शेरा उत्तम होता. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. सदर मुदर्रिसांचा, म्हणजे मास्तरांचा, वजीफा विनाविलंब मंजूर व्हावा, अशी त्यात शिफारस होती.

"मला हितं शिकवा," इरम्मा एकदम म्हणाली.

"काय?"

"वाचाय. परत्येक खेपंला तुमीच वाचून दावनार, ते म्या खरं धरायचं. तुमाला आता रोज येळ हाय."

चवथ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सात एकर पुरं झालं. बंडप्पानं मागनं फळी फिरवून माती बसवली. पाचव्या दिवशी वारा इतका तापला, की गावाच्या खालच्या अंगाची राहिलेली रानं कडक पडली. सहाव्या दिवशी मास्तरांची शेवटची घंटा झाली. पोरांनी झेंडूचा हार घातला, गावानं फेटा बांधला, चावडीवर गूळ वाटला. इरम्मा तिथं नव्हती. बंडप्पाच्या रानात ज्वारी वर आली होती आणि पहिल्या चार तासांत, तिच्या शिकण्याच्या तासांत, हातहातभर जागा मोकळ्या होत्या. अख्ख्या गावाला दिसत होत्या. ती खुरपं आणि घागर घेऊन खाली बसली होती. एका एका मोकळ्या जागी खड्डा करायचा, चार दाणे, ओंजळभर पाणी, वर माती. शिवम्मा डाव्या हातानं पाणी ओतत होती.

"ऱ्हाऊ द्या की, अक्का. एवढं तेवढं चालतं."

"तुझं बी घरचं व्हतं," इरम्मा म्हणाली. "निवडून ठिवलेलं."

हार घातलेले मास्तर बांधावर येऊन उभे राहिले. पायात जोडे, डोक्यावर फेटा. "मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"जोडे काढा. आडावरनं घागर भरून आना."

त्यांनी जोडे काढले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आण्णासाहेब मास्तरांच्या रानापाशी आले. हातात काठी, मागं दोन माणसं. बांधावरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मास्तर आणि इरम्मा दोन पावलं मागं चालत होती. इरम्माला आठवत होती ती साहेबाच्या टांग्याची हातभर जागा. आण्णासाहेबांनी ती नेमकी गाठली. काठीनं दाखवली.

"हितं मोकळं हाय."

"हाय," इरम्मा म्हणाली. "एक हात. बाकी सात एकर बघा."

त्यांनी बघितलं. ओळी सरळ नव्हत्या, पण होत्या. हिरव्या, बोटभर, बांधापासून बांधापर्यंत, वाऱ्यानं एकदम एका अंगाला लवणाऱ्या. आण्णासाहेबांनी काठीनं बांधावरचं एक ढेकूळ फोडलं. मग मास्तरांकडं वळले.

"मास्तर, रान तुमचं. बोललो तसं. पर एक इचारायचं व्हतं. वढ्याकाठचं आमचं दहा एकर चिबड हाय, पानी धरून ऱ्हातंय. आत्ता कुठं वाफशावर आलंय. मूठ धरनारी आमची कडूबाई लेकीकडं गेलीया. मास्तरीणबाई येतील का, तेवढं इचारा. मजुरी देऊ."

"त्या इथंच आहेत," मास्तर म्हणाले. "त्यांनाच विचारा."

आण्णासाहेबांना बायामाणसाशी रानातल्या कामाचं बोलायची सवय नव्हती. त्यांनी काठी या हातातनं त्या हातात घेतली. "काय म्हनता?"

"मजुरी नगं. सावड," इरम्मा म्हणाली. "म्या तीन दिस तुमच्यात. तुमची एक जोडी तीन दिस आमच्यात, कोळपनीला."

"आमच्याशी सावड?" त्यांच्या मागच्या दोन माणसांपैकी एक हसला आणि मग हसला नसल्यासारखा झाला.

"वाफसा ऱ्हातोय का तीन-चार दिस, तेवढं बघा," इरम्मा म्हणाली. "मंग सांगा. घाई न्हाय आमाला."

आण्णासाहेबांनी आभाळाकडं पाहिलं. वारा होताच. "उद्या उजाडता या," ते म्हणाले.

"येतो. मास्तर पन येत्याल. फळीवर हुबं ऱ्हायाला."

परतताना मास्तर हळूच म्हणाले, "मला फळीवर कुठं उभं राहता येतं?"

"येईल. चार दिस लागतील."

"तुला किती लागले?"

"चार तास. पर तुमी मास्तर हाव, तुमाला जरा जास्ती लागंल."

दसऱ्याची सकाळ. ओढ्याकाठचं रान धुक्यात. पुढं एक जोडी तिफणीला, मागं दुसरी फळीला. फळीवर वजनाला उभं राहून दोर धरायचा, एवढंच काम. मास्तर धोतर खोचून, अनवाणी, दोर दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, ओट्यावर हजेरी घ्यायला उभे राहत तसे ताठ. बैल निघाले. दहा पावलांत मागं धप्प आवाज झाला, मग बैलांचा गोंधळ, मग आण्णासाहेबांच्या माणसांचं हसणं, मोठ्यानं.

हात थांबला असता तर तिथं हातभर ओळ रिकामी गेली असती आणि पाच दिवसांनी अख्ख्या गावाला दिसली असती. इरम्मानं मागं पाहिलं नाही. दाणे सळसळत होते, तिन्ही नळ्यांतनं. तिनं कान मात्र मागं ठेवला. चिखलातनं पाय उपसल्याचा आवाज आला. दोर ओढल्याचा आला. मग मास्तरांचा आवाज, जरा धापा टाकत, पण स्पष्ट.

"हं. चला. पुन्हा."